'आफ्टर आय बिकम': आईची गोष्ट इंग्रजीत लिहिताना भूतकाळ कुठे बिघडतो

वही अकरावीतल्या एका मुलीची. समासात पेनानं काढलेलं संत्रं, आणि खाली निळ्या शाईत तीन ओळी: "माय मदर इज बॉर्न इन १९९०. हर मॅरेज इज डन इन २००८. आफ्टर आय बिकम." तिसऱ्या ओळीशी मी अडखळली. मग उजेड पडला. "नंतर मी झाली." मराठीत वाक्य ठणठणीत आहे. इंग्रजीत मात्र ते अर्ध्यावरच उभं राहतं, 'बनली' म्हणजे काय बनली ते कोणालाच कळत नाही.

अमरावती जिल्ह्यात, वरुड तालुक्यातल्या एका गावात, समाजमंदिरात, मी संध्याकाळी इंग्रजी शिकवते. नर्सिंगच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या मुली येतात, पोलीस भरतीवाल्या येतात, बचत गटातल्या बायका येतात. पहिला गृहपाठ दरवर्षी तोच असतो, आईची किंवा स्वतःची गोष्ट दहा वाक्यांत. आणि दरवर्षी त्याच चुका, त्याच जागी. व्याकरणाच्या पुस्तकात त्यांचा इलाज सापडत नाही, कारण तिथे राम सफरचंद खातो आणि सीता शाळेत जाते. त्यांना ना सासर, ना बाळंतपण, ना नापिकी. म्हणून हे लिहिते आहे. कोणी दुसऱ्या गावात असाच वर्ग घेत असेल तर उपयोगी पडेल.

सगळ्यात मोठा बिघाड 'झालं' या शब्दात आहे. बाईच्या आयुष्यात मराठी सगळं 'झालं'वर भागवते. लग्न झालं, मुलगी झाली, टीबी झाला, बारावी झाली, सरपंच झाली, म्हातारी झाली. मुली डिक्शनरीत पाहतात, 'होणे' म्हणजे 'बिकम', आणि सगळीकडे तेच चिकटवतात. यातल्या एकट्या सरपंचाला 'बिकेम' शोभतं: "शी बिकेम सरपंच." बाकी सगळ्यांची क्रियापदं वेगळी. लग्न झालं, "शी गॉट मॅरीड." मुलगी झाली, "शी हॅड अ डॉटर." टीबी झाला, "शी गॉट टीबी." बारावी झाली, "शी पास्ड ट्वेल्थ." म्हातारी झाली, "शी ग्रू ओल्ड." आणि मी झाली? "आय वॉज बॉर्न."

पाठ करून हे टिकत नाही, मी दोन वर्षं करून पाहिलं. टिकतो तो एक प्रश्न. वाक्य इंग्रजीत न्यायच्या आधी आपल्याच बोलीत विचारायचं: कोनं केलं? तिनं स्वतः केलं, आपोआप घडलं, की दुसऱ्यानं तिच्यासोबत केलं? 'झालं' ही गोष्ट पोटात ठेवतं. इंग्रजी ती ओकायला लावतं.

लग्नाचंच घ्या. फळ्यावर मी तीन वाक्यं लिहिली. "शी मॅरीड हिम", तिनं त्याच्याशी लग्न केलं. "शी गॉट मॅरीड", लग्न झालं, कोणाच्या मर्जीनं ते विचारू नका. "शी वॉज मॅरीड ऑफ", लावून दिलं. मागच्या सतरंजीवर एक काकू बसतात, पन्नाशीच्या पुढच्या, संत्र्याच्या मंडीतून थेट येतात म्हणून हाताला सालीचा वास असतो. त्यांनी विचारलं, "मॅडम, याच्यातलं माह्यं कोन्तं?" मी म्हटलं, तुम्हीच सांगा. त्या जरा वेळ फळ्याकडे पाहत राहिल्या. "माह्यं तं लावून देल्लं. मले कोनं इचारलं होतं?" मग वहीत हळूहळू उतरवलं: "आय वॉज मॅरीड ऑफ. नो वन आस्क्ड मी." कर्मणी प्रयोग मी त्याआधी चार वेळा शिकवला होता. वर्गाला समजला तो त्या दिवशी.

'मॅरीड' शब्दाच्या मागे 'विथ' लावायचा नाही, हेही इथेच सांगून टाकते. मराठीतल्या 'शी'मुळे तो येतो: रमेशशी लग्न केलं, म्हणून "मॅरीड विथ रमेश". इंग्रजीत "मॅरीड रमेश", किंवा "वॉज मॅरीड टू रमेश".

आता एक गंमत. 'वॉज' जमलं की पुढचे पंधरा दिवस पोट्ट्या ते सगळीकडे पेरतात. ३ जानेवारी जवळ आलं की भाषणं लिहिली जातात आणि हमखास एक ओळ सापडते: "सावित्रीबाई वॉज टॉट गर्ल्स." एका 'वॉज'नं शिक्षिकेची विद्यार्थिनी झाली! "शी टॉट" म्हणजे तिनं शिकवलं; "शी वॉज टॉट" म्हणजे तिला शिकवलं गेलं. नशीब असं की सावित्रीबाईंच्या बाबतीत दोन्ही खरं आहे, म्हणून मी हे उदाहरण कधी सोडत नाही. त्यांचा जन्म १८३१ चा, १८४० साली जोतिरावांशी लग्न लागलं, लिहायला-वाचायला त्यांना जोतिरावांनी शिकवलं, आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा त्या स्वतः शिकवायला उभ्या राहिल्या. वाक्यांत मांडा: "शी वॉज बॉर्न इन १८३१. शी वॉज मॅरीड टू जोतिराव इन १८४०. शी वॉज टॉट बाय हिम. देन शी टॉट गर्ल्स." पहिल्या तीन वाक्यांत 'वॉज' आहे, कारण तिथे करणारे दुसरे आहेत. चौथ्यात ते गळतं. वर्गात ही चार वाक्यं एकाखाली एक लिहिली आणि 'वॉज' लाल खडूनं गोल केला, की दुसरं समजावावं लागत नाही.

तसंच नागपूरचं. २० जुलै १९४२ ला तिथे दलित महिलांची परिषद भरली, बाबासाहेब आले होते, अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. "सुलोचनाबाई डोंगरे प्रिसायडेड ओव्हर द कॉन्फरन्स." अध्यक्षपद बाईनं भूषवलं, म्हणून 'वॉज' नाही. 'वॉज' घालायचाच असेल तर दुसरं क्रियापद घ्या: "शी वॉज इलेक्टेड", तिला निवडून दिलं.

जन्म आणि मरण

"शी बॉर्न" आणि "शी वॉज डाइड." या दोन चुका जोडीनं फिरतात. मराठीत 'जन्मली' आणि 'वारली' एकाच साच्याची, म्हणून एकीला 'वॉज' लावलं की दुसरीलाही लागतं, एकीचं काढलं की दुसरीचंही निघतं. प्रश्न तोच: कोनं केलं? जन्म आपण घेतो असं मराठी म्हणते, पण कळा सोसते आई. म्हणून "वॉज बॉर्न". मरायचं मात्र ज्याचं त्यालाच, म्हणून नुसतं "डाइड". आणि मारणारं बाहेरचं असेल तर 'वॉज' परत येतं. आमच्याकडे मृगात वावरात वीज पडून बायका जातात, त्यांच्यासाठी "शी वॉज किल्ड बाय लाइटनिंग". साप चावून गेली तर "शी डाइड ऑफ स्नेकबाइट". 'डेड' ही अवस्था आहे, क्रिया नाही. तारखेसोबत ते बसत नाही.

मरणाबद्दल बोलायला आपल्याकडे आडवळणाचे शब्द आहेत आणि भाषांतरात तेच पहिले दगा देतात. "माझा नवरा गेला" याचं "माय हजबंड वेन्ट" झालं, तर ऐकणारा विचारणार, कुठे गेला? हे मी अंदाजानं सांगत नाही. बाहेरच्या देशातून काही पाहुण्या आल्या होत्या, बचत गट पाहायला. आमच्यातल्या एकीनं हिंमत करून स्वतःच बोलायचं ठरवलं. दुभाष्या नको म्हणाली. "माय हजबंड टूक मेडिसिन," ती म्हणाली. पाहुणीनं मान हलवली आणि हसून विचारलं, "इज ही बेटर नाउ?" आमच्या भागात 'औषध घेतलं' म्हणजे फवारणीचं विष पिऊन जीव दिला, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्या बाईला इंग्रजीत कुठून कळावं? आमची मैत्रीण खाली पाहत राहिली. मी बोलायला हवं होतं, माझ्याही तोंडून शब्द फुटला नाही.

त्यानंतर मी ही वाक्यं पहिल्याच आठवड्यात शिकवते, गृहपाठाची वाट पाहत नाही. "माय हजबंड डाइड इन २०१५." जरा हळुवार हवं तर "पास्ड अवे". स्वतःबद्दल सांगायचं तर "आय लॉस्ट माय हजबंड". एकीनं यावर हरकत घेतली होती, "हरवला नाही जी तो." खरं आहे, पण इंग्रजीत माणूस 'लॉस्ट' केला म्हणजे मरणानं गमावला. आणि आत्महत्येबद्दल, सांगायची इच्छा असेल तरच, "ही टूक हिज ओन लाइफ". कसं, काय, हे सांगायची गरज नाही, कोणी खोदून विचारलं तरी नाही. त्यासाठीही एक वाक्य लिहून देते: "आय डोन्ट वॉन्ट टू टॉक अबाउट इट." हे भूतकाळात नाही, पण कामाचं आहे.

बाळ गेलं, याचंही तेच. आनंदीबाई जोशींचं दहा दिवसांचं बाळ गेलं तेव्हा त्या स्वतः चौदा वर्षांच्या होत्या. "हर बेबी वेन्ट" नाही. "हर बेबी डाइड व्हेन ही वॉज टेन डेज ओल्ड." १८८६ मध्ये त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या, "शी बिकेम अ डॉक्टर", इथे 'बिकेम' चालतं, सरपंचासारखंच. पुढच्याच वर्षी गेल्या, वयाची बावीस पूर्ण व्हायच्या आत.

'होती' म्हणजे 'हॅड' नव्हे

"मी काल अमरावतीले गेली होती" याचं हमखास "आय हॅड गॉन टू अमरावती यस्टरडे" होतं. चांगल्या शिकलेल्या मुलीही ही चूक करतात, मास्तरही करतात. मराठीतलं 'होती' बहुतेक वेळा नुसतं सांगतं की गोष्ट मागे पडली. इंग्रजीतलं 'हॅड गॉन' दोन घटना मागतं, एक आधीची, एक नंतरची. दुसरी घटना दिसत नसेल तर 'हॅड' खोडा: "आय वेन्ट टू अमरावती यस्टरडे."

जाता जाता, पुण्याकडचे लोक आमच्या मुलींना "मी गेली" नाही, "मी गेले" म्हण, असं टोकतात. इंग्रजीला त्याचं काही पडलेलं नाही. बाई असो, बाप्या असो, 'वेन्ट' एकच. वर्गात हे सांगितलं की टाळ्या पडतात.

'हॅड' खरोखर कुठे लागतं ते दाखवायला मी सिंदखेडराजाला जाते. जिजाऊंचा जन्म तिथला, १५९८ चा. १२ जानेवारीला आमच्या गावातून गाडी जाते, त्यामुळे वेगळं सांगावं लागत नाही. राज्याभिषेक ६ जून १६७४ ला झाला, जिजाऊ १७ जूनला गेल्या. मरणापासून सुरुवात करून मागे वळायचं असेल तर 'हॅड' हवं: "व्हेन जिजाऊ डाइड, द कॉरोनेशन हॅड टेकन प्लेस." घटना घडल्या त्याच क्रमानं सांगितल्या तर नको: "शिवाजी वॉज क्राउन्ड ऑन ६ जून १६७४. जिजाऊ डाइड इलेव्हन डेज लेटर." माझा सल्ला सरळ आहे. मुलाखतीत गोष्ट क्रमानं सांगा, 'हॅड' लागणारच नाही.

पण 'हॅड'चं दुसरं, साधं रूप टाळता येत नाही, आणि तिथे एक घोळ मीच घातला होता. बायकांना अक्षरं नवीन म्हणून फळ्यावर उच्चार देवनागरीत लिहिते. एकाच दिवशी लिहिलं: "शी हॅड टू डॉटर्स" आणि "शी हॅड टू लीव्ह स्कूल". दुसऱ्या दिवशी एका वहीत आलं, तिनं दोन शाळा सोडल्या. मुलीची काय चूक? 'टू' तोच! तेव्हापासून संख्या असली की मी आकडा लिहिते, आणि 'हॅड टू'ला अधोरेखित करून शेजारी 'लागलं' असं लिहिते. शाळा सोडावी लागली, मजुरीला जावं लागलं, डोरलं गहाण ठेवावं लागलं: "शी हॅड टू लीव्ह स्कूल", "शी हॅड टू वर्क ऑन अदर पीपल्स फार्म्स", "शी हॅड टू पॉन हर मंगळसूत्र".

या सगळ्या वाक्यांची मराठी 'तिला'पासून सुरू होते, आणि वहीत "टू हर" येतं. तिला नोकरी लागली, तिला घर मिळालं, तिला शिकू दिलं नाही. 'तिला' खोडून 'शी' लिहायचं आणि मग क्रियापद शोधायचं: "शी गॉट अ जॉब", "शी गॉट अ हाउस", "शी वॉज नॉट अलाउड टू स्टडी". न शिकू देणारे कोण हे सांगायचं असेल तर "हर इन-लॉज डिड नॉट लेट हर स्टडी".

'डिड' आला की मूळ क्रियापद पहिल्या रूपात जातं, "डिड नॉट वेन्ट" नाही, "डिड नॉट गो". एका पोत्याला दोन हमाल कशाला. यावर यापेक्षा जास्त वेळ घालवू नका, कानाला सवय झाली की आपोआप सुटतं.

आपली बोली इथे कामी येते

रोजच्या गोष्टी, ज्या आई वर्षानुवर्षं करायची, त्या मुली "वॉज डूइंग"मध्ये लिहितात. "शी वॉज गेटिंग अप ॲट फोर." पुस्तकी मराठीतलं 'उठायची' आणि 'उठत होती' त्यांना सारखंच वाटतं, म्हणून गोंधळ. मी पुस्तक बाजूला ठेवून वऱ्हाडीत विचारते. माही माय पहाटे उठे, पानी भरे, भाकरी थापे, मंग वावरात जाये. हे 'ए' कानावर आलं की "युज्ड टू": "शी युज्ड टू गेट अप ॲट फोर. शी युज्ड टू फेच वॉटर." आणि 'करून राहिली होती' आलं की "वॉज डूइंग". शहरात याच 'करून राहिली'वर लोक हसतात, आमच्या पोरी नागपूरच्या हॉस्टेलात गेल्या की आधी ते तोंडातून काढून टाकतात. इंग्रजीच्या 'वॉज'-'इंग'ला इतकं नेमकं जोडीदार मराठीत दुसरं नाही, असं माझं मत आहे.

माय कापूस वेचून राहिली होती तं कळा सुरू झाल्या. "माय मदर वॉज पिकिंग कॉटन व्हेन द पेन्स बिगॅन." लांब चाललेलं काम 'इंग'मध्ये, मध्येच आडवं आलेलं साध्या भूतकाळात. हे वाक्य एका मुलीच्या खऱ्या वहीतलं आहे, ती बंडीतच जन्मली: "आय वॉज बॉर्न इन अ बुलक कार्ट." मुलाखतीत तिनं हे वाक्य म्हटलं तेव्हा समोरच्या मॅडमनी कागदावरून मान वर केली, असं तिनंच येऊन सांगितलं.

'युज्ड टू'चे दोन खड्डे. किती वेळा ते मोजून सांगितलं असेल तर तो लागत नाही: मुंबईला तीनदा गेली, "शी वेन्ट टू मुंबई थ्री टाइम्स". आणि 'डिड'नंतर त्याचा शेवटचा डी लिहायचा नाही, बोलताना फरक ऐकू येत नाही म्हणून लिहिताना चुकतं.

गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंची तक्रार वेगळी असते: "फ्रॉम ट्वेल्व्ह इयर्स आय ॲम वर्किंग." बारा वर्षांपासून सुरू आहे आणि अजून सुरूच आहे, म्हणून "आय हॅव बीन वर्किंग फॉर ट्वेल्व्ह इयर्स". सालापासून मोजलं तर "सिन्स २०१३". काम संपलं असेल, जसं एखादीची सरपंचकी, तर साधं: "शी वॉज सरपंच फॉर फाइव्ह इयर्स."

साल माहीत नसेल तर

हा बिघाड व्याकरणाचा नाही, पण दहातल्या सहा वह्या इथे अडतात. आईला स्वतःचं जन्मसाल माहीत नसतं. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी टाकलेली तारीख असते, आणि पोरी दाखल्यावरून अंदाजे एखादं साल ठोकून देतात. त्यापेक्षा "व्हेन शी वॉज अबाउट फिफ्टीन" लिहिलेलं परवडतं. नाहीतर घरात विचारायचं, त्या साली काय झालं होतं. आमच्या बायका साल सांगत नाहीत, खूण सांगतात. गोवारी मेले त्या साली, म्हणजे १९९४, नागपूरला गोवारी समाजाच्या मोर्चात झालेली ती चेंगराचेंगरी. किल्लारीच्या भूकंपाच्या साली, म्हणजे १९९३. अशा खुणेवरून साल पक्कं होतं, आणि वाक्यात ती खूण ठेवली तरी काही बिघडत नाही.

संत्र्याच्या चित्रवाल्या मुलीला मी वही घेऊन घरी पाठवलं, आईला विचारून ये म्हटलं. आई चुलीशी होती. लेकीनं पहिलं वाक्य मराठीत सांगितलं तशी ती म्हणाली, "नव्वद कायचं? मोवाड वायलं त्याच साली. पूर वसरला, मंग पोळ्याले मी झाली." मोवाड आमच्यापासून लांब नाही, वर्धा नदीच्या पलीकडे. तो पूर ३० जुलै १९९१ चा. दुसऱ्या दिवशी वहीत १९९० वर काट होती आणि खाली नवीन ओळ: "माय मदर वॉज बॉर्न इन १९९१, अ फ्यू वीक्स आफ्टर द मोवाड फ्लड." 'वॉज' बरोबर जागी पडलं होतं. "आफ्टर आय बिकम" मात्र तसंच होतं. ते मग आम्ही दोघींनी मिळून खोडलं.